आवकरावांची अडतीस मतं

संकट मोठं असलं की ते दारातून येताना फार साधं तोंड करून येतं. आवकरावांच्या घरी ते आलं एका रविवारी संध्याकाळी, राष्ट्रीय गीतस्पर्धेची उपान्त्य फेरी टीव्हीवर चालू असताना. आरामखुर्चीत पाय लांब करून बसलेले आवकराव बायकोला म्हणाले, "या वर्षी आपणही मत द्यायचं."

"द्या की," बायको म्हणाली. ती तेव्हा उशांना अभ्रे घालत होती. पुढे काय वाढून ठेवलंय याची तिला कल्पना असती, तर त्यातली एक उशी तिने नवऱ्याच्या तोंडावर ठेवली असती (हलकेच).

आवकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त मतदारयादीत उरलं होतं. एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात ते बावीस वर्षं बसत होते. बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर यायचं. ते त्यावर शिक्का मारायचे, नंबर घालायचे, रजिस्टरात नोंद करायचे आणि पत्र पुढे ढकलायचे. आत काय लिहिलंय ते वाचायचं काम पुढच्यांचं. आवकरावांचा सगळा धर्म दोन वाक्यांत मावत होता: आधी नोंद, मग वाचन, आणि एकदा पडलेला नंबर बदलत नाही. साहेब बदलतात, भिंतींचा रंग बदलतो, पंखे बदलतात (हे अजून व्हायचं होतं), नंबर मात्र बदलत नाही.

तर त्या संध्याकाळी चौथ्या नंबरावर गायला आला तो एक रेकॉर्ड कारकून. दूरच्या कुठल्याशा गावात जुन्या फायली सांभाळणारा, एकोणपन्नास वर्षांचा, डोक्यावर मोजके केस, अंगात रोजचा ऑफिसचा शर्ट आणि खिशाखाली शाईचा डाग. बाकीचे स्पर्धक चकचकीत कपड्यांत, धुराच्या लोटांतून, पायऱ्यांवरून अवतरले होते. हा बाजूच्या दारातून आला, माइक आपल्यासाठीच ठेवलाय ना याची कुणाला तरी विचारून खात्री करून घेतली आणि स्वतः रचलेलं गाणं म्हणू लागला. रोज थकून घरी येणारा एक माणूस आणि त्याने बेल वाजवायच्या आधीच उघडणारं दार, एवढंच ते गाणं होतं.

आवकरावांनी डोळे मिटले. आवडतं गाणं ते नेहमी डोळे मिटूनच ऐकत. (ही सवय वाचकांनी ध्यानात ठेवावी, ती पुढे महागात पडणार आहे.) गाणं संपलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

"हे माझं गाणं आहे," ते म्हणाले.

"मी तर तुम्हाला रोज दोनदा बेल वाजवायला लावते," बायको म्हणाली. "पण गातो छान, हे खरं."

आवकरावांना खरंच भरून आलं होतं. बावीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी त्यांना शाबास म्हटलं नव्हतं. एकही पत्र हरवलं नाही, म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. एखादं हरवलं असतं तर मात्र सगळ्यांना त्यांचं खरं नाव आठवलं असतं. आणि आज त्यांच्याच जातकुळीचा एक कारकून साऱ्या देशासमोर उभा होता आणि देश टाळ्या वाजवत होता. हा माणूस जिंकला, तर उद्या ऑफिसात आपणही जरा ताठ बसू, असं त्यांना अगदी आतून वाटलं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सातव्या नंबरावर एक तरुण दंतवैद्य आला. गोरापान, उंच, आणि तोंड उघडलं की टीव्हीचा उजेड वाढायचा.

"हा जिंकणार," कोपऱ्यातल्या स्टुलावरून सासरे म्हणाले.

सासरे म्हणजे निवृत्त रेफरी. तीस वर्षं फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकली आणि गेल्या वर्षी लेकीकडे राहायला आले. शिट्टी अजून खिशात असायची. वरची कवळी तोंडात असायची, आणि चष्मा मात्र कुठेच नसायचा. लेक चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची, पण बापाचे डोळे तपासणं तिला आजवर जमलं नव्हतं. "रेफरीला चष्मा लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. (पूर्वी मैदानावरचे प्रेक्षक याबाबत वेगळं मत ओरडून सांगत असत.)

"दात बघा पोराचे," सासरे म्हणाले. "इथवर चमकतात."

"बाबा, गाणं गळ्यातून येतं."

"येतं गळ्यातून, पण बाहेर पडतं दातांतून. कवळी काढून दोन ओळी म्हणून दाखवू का?"

नको, असं सगळ्यांनी एकमताने सांगितलं. पण वाद वाढला आणि वाढत वाढत आरामखुर्चीपर्यंत आला. घरात आरामखुर्ची एकच. टीव्हीच्या बरोबर समोर, खिडकीजवळ, पाठीला नेमका बाक असलेली. तिच्यावर सासऱ्यांचा डोळा होता आणि आवकरावांची बैठक होती. शेवटी पैज लागली. बोलाचालीवर विश्वास ठेवतील तर ते आवकराव कसले. त्यांनी कागद काढला, मार्जिन सोडलं आणि लिहिलं: 'अंतिम फेरीतील विजेत्यास ज्या पक्षाने मत दिले असेल, त्या पक्षाची खुर्ची. निर्णय अंतिम व कायम.' खाली दोघांनी सह्या केल्या. सासऱ्यांनी शिट्टी वाजवली.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण एका मताने काय होणार, हा विचार आवकरावांच्या डोक्यात शिरला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक परिपत्रक तयार केलं. अंतिम फेरी पंधरा दिवसांवर होती. इमारतीत बारा घरं होती आणि बारा घरांत मिळून एकोणचाळीस फोन. त्यातला सासऱ्यांचा एक सोडला तर अडतीस. प्रत्येक फोनवरून एकच मत देता येत होतं. ठरलेल्या नंबरावर गायकाचा क्रमांक मेसेज करायचा. लिफ्टशेजारच्या फलकावर बोटभर उंचीच्या अक्षरांत परिपत्रक लागलं.

'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, आपले मत क्रमांक ४ यांनाच. (क्रमांक ७ म्हणजे दंतवैद्य. तिकडे चुकूनही नको.) मतदानाच्या दिवशी सर्व फोन टोपलीत जमा करावेत, मतदान निम्नस्वाक्षरीकार स्वतः करील. त्या वेळात आचारसंहिता लागू राहील. उमेदवारांचे नाव, गाव, क्रमांक याविषयी कोणीही चकार शब्द काढू नये.'

"फोन तुम्ही का घेताय?" तळमजल्यावरच्या सलूनवाल्याने विचारलं. "आम्हाला बटणं दाबता येत नाहीत होय?"

"येतात. पण लोक ऐन वेळी दातांना भुलतात," आवकराव म्हणाले. त्यांच्या नजरेसमोर अनेक फितूर चेहरे तरळत होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या पियानोबाई मुलांना पियानो शिकवत. त्यांना कारकुनाच्या गाण्यातली चाल आवडली होती, त्यामुळे त्या आनंदाने तयार झाल्या. सलूनवाल्याला कोणीही जिंकलं तरी चाललं असतं, पण आवकरावांचे केस तो बारा वर्षं कापत होता आणि गिऱ्हाईक दुखावणं बरं नव्हे. बघता बघता अडतीस सह्या झाल्या. सासरे रोज खाली फिरायला जाताना फलकासमोर उभे राहायचे, ती बोटभर अक्षरं वाचायचे आणि गालातल्या गालात हसून पुढे जायचे.

अंतिम फेरीच्या संध्याकाळी आवकराव कपड्यांची टोपली घेऊन घरोघर हिंडले. बाकीच्या स्पर्धकांची गाणी ऐकण्यात त्यांना रस नव्हताच. परक्याचं गाणं ऐकणं ही फितुरीची पहिली पायरी, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. ते दुसऱ्या मजल्यावर असताना वरून बायकोने हाक मारली, "अहो, तुमचा कारकून आला."

आवकराव जिने चढून धापा टाकत आले आणि टोपली कमरेवर घेऊनच टीव्हीसमोर उभे राहिले. तोच शर्ट, तोच डाग, तेच दार. त्यांनी डोळे मिटले. पडद्यावर खाली, कारकुनाच्या पायाशी, कलिंगडाएवढा पिवळाधमक सातचा आकडा झळकत होता. सासरे स्टुलावरून पडद्याकडे बघत होते, पण त्यांना तिथे एक पिवळा ठिपका दिसत होता, आणि रेफरी ठिपक्यांची दखल घेत नाही.

बायकोला मात्र आकडे दिसत. तिचा जन्मच लोकांना आकडे दाखवण्यात चालला होता.

"अहो, तो नंबर बघितलात का..."

आवकरावांनी मिटल्या डोळ्यांनीच ओठांवर बोट ठेवलं.

गाणं संपलं, निवेदिकेने मतदान सुरू झाल्याचं सांगितलं. आवकरावांनी ताबडतोब टीव्ही बंद केला आणि टोपली जेवणाच्या टेबलावर उपडी केली. अडतीस फोन म्हणजे काय चीज असते ते त्यांना तेव्हा कळलं. एकात भाषा वेगळी, एकाची काच फुटलेली, एकाला चार बोटांचे ठसे आणि आजोबांची जन्मतारीख हवी. त्यात ते वाजू लागले. सलूनवाल्याची सासू चौकशी करत होती, पियानोबाईंचा विद्यार्थी उद्या बोट दुखणार असल्याचं आजच कळवत होता. "मतदान चालू आहे, नंतर करा," असं म्हणत आवकराव एकेक फोन उचलत होते, चार दाबत होते, पाठवत होते आणि यादीत बरोबरची खूण करत होते.

"अहो, ऐका तरी. अंतिम फेरीत नंबर..." बायकोने पुन्हा सुरुवात केली.

"आचारसंहिता," आवकराव म्हणाले.

"अहो पण चुकीच्या..."

"नियम सगळ्यांना सारखा. घरच्यांनीच मोडला तर बाहेरच्यांना काय सांगू? तुमचा फोन द्या."

बायकोने फोन दिला. दारात सलूनवाला फोन परत न्यायला आला होता, तोही डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, टीव्हीवर काहीतरी वेगळंच दाखवत होते हो."

"फलकावरचं परिपत्रक वाचा," आवकराव म्हणाले. "टीव्हीवर काय, काहीही दाखवतात."

सासऱ्यांनी मात्र आपला जुना बटणांचा फोन टोपलीत टाकला नव्हता. ते गॅलरीत गेले, पाठ वळवली, फलकावरचं परिपत्रक मनात आणलं आणि मोठ्या समाधानाने सात दाबलं.

निकालाला सगळी इमारत आवकरावांच्या हॉलमध्ये जमली. टीव्ही पुन्हा लागला. (मतदान संपल्यावर पडद्यावर आकडे कशाला राहतील? ते गेले होते.) एकेक स्पर्धक गळत गेला आणि शेवटी दोघे उरले, कारकून आणि दंतवैद्य. परीक्षकांचे गुण दोघांना सारखे. आता सगळं लोकांच्या मतांवर. कारकुनाने खिशातल्या पेनाला हात लावला. आवकरावांनीही लावला.

"केवळ एकसष्ट मतांच्या फरकाने," निवेदिका म्हणाली, आणि श्वास घ्यायला थांबली. तेवढ्यात आवकरावांचे तीन श्वास घेऊन झाले. "विजेते आहेत, दंतवैद्य."

सासऱ्यांनी शिट्टी फुंकली, उठले, आणि आवकराव उभे आहेत हे पाहून आरामखुर्चीत जाऊन बसले. पडद्यावर कारकून दंतवैद्याचा हात हातात घेऊन मनापासून हसत होता, आणि ते पाहून तर आवकरावांना जास्तच वाईट वाटलं. ते आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. एकसष्ट मतं. एवढी माणसं तर त्यांच्या ऑफिसच्या एका मजल्यावर असतात.

दोन दिवस ते धड जेवले नाहीत. ऑफिसात शिक्का उलटा मारला, तो बावीस वर्षांतला पहिला. तिसऱ्या दिवशी मात्र ते पेन घेऊन बसले.

"काय लिहिताय?" बायकोने विचारलं.

"तक्रार अर्ज. आपल्या इमारतीतून अडतीस मतं मी स्वतः, या हातांनी दिली. माणूस चुकला नाही, म्हणजे यंत्र चुकलं. फेरतपासणी झालीच पाहिजे."

बायको म्हणाली, "जाऊ द्या ना. हरला बिचारा, पण नाव तर झालं त्याचं. नका पाठवू तो अर्ज."

"तुम्हाला अन्यायाची चीड नाही," आवकराव म्हणाले आणि त्यांनी 'विषय' या शब्दाखाली पट्टीने रेघ मारली.

अर्ज चार पानी झाला. परिशिष्ट 'अ' मध्ये अडतीस फोन आणि तपासणीस संमती दिल्याच्या अडतीस सह्या. परिशिष्ट 'ब' मध्ये विरोधी मत, एक. सासऱ्यांनी तिथे झोकात सही केली. विजयी मताची तपासणी झाली तर झाली, त्यांचं काय जात होतं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हात दाखवताना अवलक्षण दिसत असतं तर कुणी दाखवलाच नसता.

महिन्याभराने स्पर्धेच्या कार्यालयाचं जाडजूड उत्तर आलं. दुसरा कुणी असता तर त्याने ते गुपचूप स्वयंपाकघरात नेऊन फोडलं असतं. आवकरावांनी त्यावर तारीख टाकली, आवक क्रमांक एक घातला, आणि फलकावर सूचना लावली: रविवारी सकाळी दहा वाजता जाहीर वाचन. आधी नोंद, मग वाचन. तीन दिवस ते पाकीट टीव्हीवर बंद पडून होतं.

"मी आधी एकदा बघू का?" बायकोने दोनदा विचारलं.

"फुटलेलं पाकीट पुरावा म्हणून चालत नाही," आवकराव म्हणाले.

रविवारी बाराची बारा घरं आली. सासरे आरामखुर्चीत होते. आवकरावांनी पाकीट सर्वांना फिरवून दाखवलं, फोडलं, घसा साफ केला आणि मोठ्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'महोदय, आपल्या अर्जानुसार परिशिष्ट अ मधील अडतीसही फोनची तपासणी केली. अडतीसही मते वेळेत पोहोचली असून पूर्णपणे वैध आहेत.'" त्यांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. "ऐकलंत? वैध." मग पुढे वाचलं. "'सदर अडतीस मते क्रमांक चार, म्हणजेच विजेते दंतवैद्य, यांच्या खात्यात...'"

आवकरावांनी ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी जरा हळू. कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का पाहिलं. पण सुरू केलेलं वाचन मध्येच सोडायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते वाचत राहिले.

"'अंतिम फेरीत गायकांचे क्रमांक नव्याने सोडत काढून दिले होते. दंतवैद्य यांचा क्रमांक चार व रेकॉर्ड कारकून यांचा सात होता. हे क्रमांक पडद्यावर मतदानाच्या संपूर्ण वेळात दाखवण्यात येत होते. परिशिष्ट ब मधील एकमेव मत क्रमांक सात, म्हणजे रेकॉर्ड कारकून यांना मिळाले. आपल्या इमारतीतून त्यांना मिळालेले ते एकच मत होय. स्पर्धेवरील आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.'"

"परिशिष्ट ब म्हणजे कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी आरामखुर्चीकडे पाहिलं. सासऱ्यांची कवळी किंचित सुटली होती.

"नंबर बदलतो?" आवकराव पुटपुटले. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती असं म्हणणं कमीच. त्यांच्या पायाखालून बावीस वर्षांची रजिस्टरं सरकली होती.

सलूनवाला भिंतीला टेकून बोटांवर काहीतरी मोजत होता. "म्हणजे बघा," तो म्हणाला, "आपली अडतीस तिकडची काढून इकडे घातली, तर फरक पडतो शहात्तरचा. आजोबांचं एक इकडचं तिकडे, म्हणजे दोन वजा. चौऱ्याहत्तर. आणि तो हरला एकसष्टने."

"तेरा मतांनी जिंकला असता," पियानोबाई हळूच म्हणाल्या. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, पण हिशोब तोंडातून निघून गेला.

म्हणजे कारकुनाला हरवलं ते दातांनी नव्हे, यंत्रानेही नव्हे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आवकराव मटकन स्टुलावर बसले. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा वाईट वाटत होतं. जगात ज्या एका माणसाला वर काढायला ते निघाले होते, त्यालाच त्यांनी एकेक फोन उचलून, खुणा करून करून, अडतीस वेळा खाली ढकललं होतं.

आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

सासरे खुर्चीतून उठले होते. त्यांनी खिशातून पैजेचा कागद काढला आणि लेकीच्या हातात दिला. "पोरी, वाच."

"'विजेत्यास ज्या पक्षाने मत दिले असेल, त्या पक्षाची खुर्ची,'" बायकोने वाचलं.

"नियम म्हणजे नियम," सासरे म्हणाले. "विजेत्याला मतं तुमची, जावईबापू. एक नाही, अडतीस. या, बसा."

"राहू द्या, बाबा."

"निर्णय अंतिम व कायम, तुम्हीच लिहिलंय. बसा म्हणतो ना."

सगळ्या इमारतीच्या देखत आवकराव खुर्चीत बसले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बावीस वर्षांत त्यांच्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्याच टाळ्या.

सगळे गेल्यावर त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं."

"त्या दिवसापासून."

"मग नंतर तरी सांगायचं."

"आचारसंहिता उठल्याचं तुम्ही जाहीरच केलं नाहीत," बायको म्हणाली. मग ती खुर्चीच्या हातावर बसली. "दोन दिवस जेवला नव्हतात. म्हटलं, यंत्राला चोर म्हणून घास उतरत असेल, तर म्हणू दे यंत्राला चोर."

त्या संध्याकाळी आवकरावांनी कारकुनाला पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं, ज्याला त्यांनी जावक क्रमांक घातला नाही. घडलं ते सगळं, काहीही न लपवता, आणि शेवटी 'क्षमा करावी'. पुढचे तीन आठवडे ऑफिसात आलेलं प्रत्येक पाकीट ते उजेडात धरून बघायचे, पत्र खरं तर घरी येणार होतं तरीही.

ते घरीच आलं. एक पत्र आणि एक मोठं चपटं पार्सल. या वेळी आवकरावांनी नोंद न करता पत्र फोडलं.

'आपलं पत्र वाचून मी खूप हसलो,' असं कारकुनाने लिहिलं होतं, 'कारण आमच्या कार्यालयातल्या सव्वीस जणांनीही चारच दाबला. आणि कुणाला सांगू नका, मी स्वतःसुद्धा. स्टेजमागे जाऊन स्वतःच्या फोनवरून मोठ्या आशेने दंतवैद्याला मत देऊन आलो. आपल्या खात्यात एकदा पडलेला नंबर बदलतो, हे कुणाच्या ध्यानीमनी तरी येईल का? वाईट वाटून घेऊ नका. आपण दोघे एकाच शिक्क्याचे.'

आवकरावांनी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं, मग सासऱ्यांना, मग खाली जाऊन सलूनवाल्याला, अर्धे केस कापलेल्या गिऱ्हाइकासकट. एकाच शिक्क्याचे. एवढा आनंद त्यांना कारकून जिंकला असता तरी झाला नसता, असं ते म्हणाले, आणि ते जवळजवळ खरं होतं. परत वर आले तेव्हा सासरे पार्सल सोडत होते. कारण पार्सल सासऱ्यांच्या नावाने होतं.

आत काचेच्या चौकटीत कारकुनाचा फोटो होता. तोच शर्ट, तोच डाग, आणि खाली त्याच्या स्वतःच्या बारीक, वळणदार अक्षरात एक ओळ. सासऱ्यांनी तो दुपारीच भिंतीवर ठोकला. जागा त्यांनी विचार करून निवडली: टीव्हीच्या वर, आरामखुर्चीच्या बरोबर समोर.

आता अडचण एवढीच आहे की अक्षर फार बारीक आहे आणि रेफरीला चष्मा लागत नाही. त्यामुळे घरात कुणीही आलं की सासरे स्टुलावरून फोटोकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "जावईबापू, जरा वाचून दाखवा पाहुण्यांना, काय लिहिलंय ते."

आणि आरामखुर्चीत बसलेले आवकराव वाचून दाखवतात, "'तुमच्या इमारतीतल्या माझ्या एकमेव चाहत्यास, कृतज्ञतापूर्वक.'" गेल्या चार महिन्यांत त्यांनी ते इतक्या वेळा वाचलंय, की आता वाचताना त्यांना डोळे उघडावे लागत नाहीत.